शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आणि एनएस-३: बडोद्यातल्या पाच मुलांचं काम

बाबाजीपुरेकर

नमस्कार मंडळी,

गेल्या दिवाळीपासून दर रविवारी सकाळी आमच्या बाबाजीपुऱ्यातल्या घरी इंजिनिअरिंगची पाच मुलं येतात. त्यातली एक माझी भाची. मी नेटवर्किंगमध्ये नोकरी करतो, शिकवणं हा काही माझा व्यवसाय नाही. पण या मुलांसोबत बसून एक गोष्ट मनात पक्की झाली आहे आणि ती इथल्या प्राध्यापकांपर्यंत आणि पालकांपर्यंत जावी म्हणून हा धागा.

आम्ही एनएस-३ वर काम करतो, आणि मुलं त्यात केलेले बदल मूळ प्रकल्पाकडे परत पाठवतात. खरे राउटर आणि खऱ्या तारा न लावता नेटवर्क कसं वागेल हे कॉम्प्युटरवर पाहता येतं, त्यासाठीचं हे सॉफ्टवेअर. काम सुरू झालं २००६ मध्ये, पहिली आवृत्ती आली जून २००८ मध्ये. सी++ या भाषेत लिहिलेलं आहे, जीपीएल परवान्याखाली मोफत आहे आणि सगळा कोड गिटलॅब या संकेतस्थळावर उघडा आहे. कुणीही वाचावा, कुणीही दुरुस्ती सुचवावी.

आत काय चालतं ते समजायला अवघड नाही. एक वही आहे असं समजा. त्यात पुढे घडणाऱ्या गोष्टी वेळेनुसार लिहिलेल्या असतात: अमुक वेळी पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, निघेल, तमुक वेळी पोचेल. प्रोग्राम वहीतली सगळ्यात वरची नोंद उचलतो, घड्याळ थेट त्या वेळेवर नेतो, ते काम करतो, आणि त्या कामातून ज्या नव्या गोष्टी उभ्या राहतात त्या वहीत योग्य जागी लिहितो. दोन नोंदींच्या मधे काहीच घडत नाही. म्हणून एका तासाचं नेटवर्क कधी दोन मिनिटांत संपतं आणि गर्दीच्या वाय-फायचे दहा सेकंद कधी तासभर चालतात.

मुलं आली की पहिल्या दिवशी मी एकच काम देतो. एनएस-३ सोबत शिकण्यासाठी जे उदाहरण येतं, अगदी पहिलं, ते चालवायचं. दोन कॉम्प्युटर, मधे एक तार. तारेचा वेग ५ एमबीपीएस, एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला २ मिलिसेकंद. बरोबर दुसऱ्या सेकंदाला एक कॉम्प्युटर १०२४ बाइट पाठवतो, दुसरा ते घेऊन परत पाठवतो. पडद्यावर येतं की सर्व्हरला, म्हणजे दुसऱ्या कॉम्प्युटरला, पॅकेट २.००३६९ सेकंदाला मिळालं आणि परत २.००७३७ ला पोचलं.

मग वही-पेन घ्यायचं आणि २.००३६९ हा आकडा हाताने काढून दाखवायचा. १०२४ बाइट डेटा, त्यावर पत्ता सांगणारे शिक्के: यूडीपीचे ८, आयपीचे २०. पुढचं गणित इथे मुद्दाम देत नाही, वाचणाऱ्यांनी करून पाहावं.

हा आकडा हाताने जुळवला की मुलाचं त्या सॉफ्टवेअरशी नातं बदलतं. मशीन सांगते म्हणून खरं, असं तो मग म्हणत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की विद्यार्थ्याने अशा प्रकल्पाला दिलेलं सगळ्यात मोलाचं काम म्हणजे ही तपासणी. एखादी चाचणी लिहिणं, कागदपत्रांतली जुनी ओळ सुधारणं, एखादा आकडा का चुकतो ते शोधणं. अख्ख्या जगातले संशोधक ज्या आकड्यांवर निबंध लिहितात ते आकडे भरवशाचे आहेत की नाहीत हे अशा कामावर ठरतं.

आणि इथेच दुखतं. या पाचांतल्या दोघांनी हेच काम शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून कॉलेजात मांडलं. समितीने सांगितलं, यात नवीन काय आहे? नवा प्रोटोकॉल, म्हणजे डेटा पाठवण्याची नवी पद्धत, सुचवा, जुन्यापेक्षा वीस टक्के चांगला दाखवा, मग मंजूर करू. काम सुरू व्हायच्या आधी वीस टक्के कुठून आणायचे? मुलं घरी आली तेव्हा त्यांचे चेहरे बघवत नव्हते.

तुमच्याकडे काय अनुभव आहे?

मुठाकाठचा

धागा वाचून फार बरं वाटलं. मी पुण्यात एमई केलं तेव्हा एनएस-२ होतं. त्याच्या पुढचं हे भावंड. एनएस-२ चा आतला गाभा सी++ मध्ये आणि वरची मांडणी ओटीसीएल या दुसऱ्या भाषेत, त्यामुळे एक छोटा बदल करायचा तरी दोन भाषांत हात घालावा लागे. रन संपला की प्रत्येक पॅकेटची नोंद असलेली भली मोठी ट्रेस फाइल पडायची, आणि त्यातून थ्रूपुट, म्हणजे सेकंदाला किती डेटा पोचला ते, काढायला ऑक भाषेतली स्क्रिप्ट. ती स्क्रिप्ट सीनिअरकडून ज्युनिअरकडे पेन ड्राइव्हने जायची. ती बरोबर आहे का हे कुणी पाहिलं नव्हतं. मीही पाहिलं नाही.

मी राउटिंगमध्ये थोडा बदल केला होता. सहा महिन्यांचं काम. ते कुठे आहे? लॅबच्या एका मशीनवर होतं, मशीन बदललं, संपलं. माझ्यासारख्या हजारोंनी केलं असेल. प्रत्येकाने आपापल्या कॉपीत बदल केला, निकाल छापला, आणि पुढच्याने परत शून्यातून सुरुवात केली. बाबाजीपुरेकर, तुमची मुलं बदल परत पाठवतात हीच मला सगळ्यात मोठी गोष्ट वाटते.

शेव_उसळ

मी ती भाची. मामांनी माझं काम लिहिलं नाही म्हणून मीच लिहिते.

माझा पहिला बदल चार ओळींचा होता. एनएस-३ पूर्वी वॅफ नावाच्या साधनाने बांधायचे, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्राम तयार करायचे. ३.३६ या आवृत्तीपासून, म्हणजे २०२२ पासून, ते सीमेकवर गेलं. एका उदाहरणाच्या वर लिहिलेल्या सूचनेत अजून जुनीच आज्ञा होती. ती टाइप केली की फाइलच सापडत नाही असा एरर येई. मी तासभर समजत होते की माझंच काहीतरी चुकतंय. मग मामा म्हणाले, तुला अडलं तिथे आणखी शंभर जणांना अडत असेल, सुधार आणि पाठव.

पाठवलं. पाइपलाइनवर, म्हणजे आपोआप होणाऱ्या तपासणीत, लाल फुली. माझ्या पोटात गोळा आला. उघडून पाहिलं तर ओळीच्या शेवटी एक मोकळी जागा राहिली होती. कोडची मांडणी क्लँग-फॉरमॅट या साधनाने तपासतात, ते एक मोकळं अक्षरसुद्धा सोडत नाही. सुधारलं. तीन दिवसांनी एका देखभालकर्त्याचा निरोप: बदल योग्य आहे, पण कमिटच्या, म्हणजे बदलाच्या नोंदीच्या, पहिल्या ओळीत आधी मॉड्यूलचं (त्या भागाचं) नाव लिहा, आणि दोन वेगळ्या सुधारणा एकाच कमिटमध्ये नकोत. मी ते दोन केले. दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर मूळ कोडात जोडलं गेलं होतं. त्या दिवशी आईने शिरा केला.

पण मला सांगायचंय ते दुसरंच. कॉलेजच्या मिनी प्रोजेक्टसाठी मी वाय-फायच्या दोन पद्धतींची तुलना करणारं सिम्युलेशन केलं होतं. एकदा चालवून भरवसा नको म्हणून दहा वेळा चालवलं. दहाही वेळा उत्तर शेवटच्या आकड्यापर्यंत तेच. मी रिपोर्टमध्ये अभिमानाने लिहिलं की निकाल अत्यंत स्थिर आहेत. पूर्ण मार्क मिळाले.

नंतर कळलं की एनएस-३ मध्ये यादृच्छिक आकडे ज्या आकड्यापासून तयार होतात ते बीज ठरलेलं असतं आणि रन नंबर, म्हणजे हा कितवा प्रयोग तो आकडा, आपण बदलला नाही तर तो १ च राहतो. म्हणजे मी एकच प्रयोग दहा वेळा पाहिला होता. बीज तसंच ठेवायचं आणि प्रत्येक वेळी रन नंबर पुढे सरकवायचा, तेव्हा कुठे दहा वेगळे प्रयोग होतात. मग सरासरी, आणि सरासरीभोवती किती पसारा आहे ते. तसं केलं तर माझे दोन आलेख एकमेकांवर चढले. ज्या पद्धतीला मी चांगली म्हटलं होतं ती चांगली आहे असं सांगताच येत नव्हतं.

समितीला पाहिजे तो वीस टक्क्यांचा फायदा माझ्याकडे होता, एका रनमध्ये. मला तो आता खोटा वाटतो.

कारेलीबागेतली आई

शेव_उसळ, किती छान लिहिलंस गं. माझा मुलगा थर्ड इयरला आहे. सातवीपर्यंत मराठी माध्यमात, नंतर गुजराती. हुशार आहे पण इंग्रजीत कुणाला लिहायचं म्हटलं की हात थरथरतात. परदेशातली मोठी मोठी माणसं काय म्हणतील असं वाटतं त्याला. आणि त्याच्या लॅपटॉपला ४ जीबीच रॅम आहे. त्यावर हे होईल का? दुसरं, प्लेसमेंटला उपयोग होतो का हेही सांगा, आम्हाला तेही बघावं लागतं.

शेव_उसळ

काकू, रॅमचं आधी. माझाही ४ जीबीचाच होता. सगळे भाग एकदम कंपाइल करायला गेलात तर लॅपटॉप गोठतो. एका वेळी एकच काम चालू ठेवायचं, उदाहरणं बंद करायची आणि आपल्याला लागतील तेवढीच मॉड्यूल निवडायची. पहिल्यांदा वेळ लागतो, रात्री लावून झोपायचं. विंडोज असेल तर त्यातच लिनक्स चालवता येतं, अख्खा लॅपटॉप बदलायची गरज नाही.

इंग्रजीचं मी असं करते. आधी वहीत मराठीत लिहिते: कोणती आवृत्ती, काय चालवलं, काय यायला हवं होतं, काय आलं. मग या चारच वाक्यांचं इंग्रजी. त्यांना तेवढंच हवं असतं. मोठं प्रास्ताविक लिहिलं तर मुद्दा सापडत नाही. आजवर मला एकानेही व्याकरणावरून बोललेलं नाही. आकडे विचारतात.

बाबाजीपुरेकर

ताई, तुमच्या मुलाला रविवारी पाठवा.

भाषेवरून एक मनात येतं. आपल्या गावात १८९० मध्ये सयाजीरावांनी कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था सुरू केली. ती उभी करणाऱ्या त्रिभुवनदास गज्जरांचा आग्रह होता की कारागिरी आणि शास्त्र लोकांना त्यांच्या भाषेतून मिळालं पाहिजे. दादासाहेब फाळके तिथे शिकले. त्याच जागेत आज विद्यापीठाची इंजिनिअरिंगची फॅकल्टी आहे. मी तिथून जातो तेव्हा दर वेळी वाटतं की सव्वाशे वर्षांपूर्वी कापड रंगवण्यासाठी जे करता आलं ते आज नेटवर्कसाठी का करू नये? आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये लिनक्सचे धडे मराठीत आहेत, आमच्या मुलांनी सुरुवात त्यावरूनच केली. एनएस-३ च्या पहिल्या धड्याच्या मराठी टिपा आम्ही लिहायला घेतल्या आहेत. पॅकेटला पॅकेटच म्हणतो, क्यूला रांग. जे शब्द मुलं बोलतात तेच.

प्लेसमेंटबद्दल खात्रीने सांगेन ते एवढंच: मी स्वतः मुलाखती घेतो. ज्याच्याकडे एक जोडली गेलेली दुरुस्ती आहे त्याला मी विचारतो, ती दुरुस्ती तपासणाऱ्या परीक्षकाने काय आक्षेप घेतला होता? त्यावर तो पंधरा मिनिटं बोलू शकतो. पाठ केलेल्या उत्तरात हे येत नाही.

लष्कर_ग्वाल्हेर

इकडे ग्वाल्हेरलाही तीच परिस्थिती आहे, "नवीन काय" हाच प्रश्न. माझा भाऊ विचारतोय की नेटवर्क शिकायचं पॅकेट ट्रेसर हे सॉफ्टवेअर तर येतंच, मग हे का? आणि गूगल समर ऑफ कोडसाठी, म्हणजे मुक्त सॉफ्टवेअरवर काम करायला मानधन देणाऱ्या गूगलच्या कार्यक्रमासाठी, हे चालतं का?

मुठाकाठचा

पॅकेट ट्रेसर राउटरला कमांड कशा द्यायच्या ते शिकायला उत्तम आहे. पण ते बंद सॉफ्टवेअर, आतलं बघता येत नाही, बदलता येत नाही. मिनिनेट हे आणखी एक साधन वेगळं, त्यात लिनक्सचा खरा नेटवर्क कोड खऱ्या वेळेत चालतो, म्हणून निकाल तुमच्या मशीनच्या ताकदीवर अवलंबून राहतो. एनएस-३ मध्ये वेळच कृत्रिम आहे. लॅपटॉप मंद असला तरी उत्तर तेच, फक्त उशिरा. शेव_उसळला दहा वेळा तेच उत्तर आलं त्यामागेही हाच गुण आहे. आज मिळालेला आकडा उद्या दुसऱ्या गावी दुसऱ्याला तसाच मिळाला पाहिजे.

समर ऑफ कोड २००५ मध्ये सुरू झालं, एनएस-३ त्यात पहिल्यांदा २००८ मध्ये आलं आणि नंतर बऱ्याच वर्षी होतं. आणि २०२२ पासून ते फक्त विद्यार्थ्यांपुरतं राहिलेलं नाही, १८ वर्षं पूर्ण झालेल्या नवशिक्यालाही अर्ज करता येतो. पण फॉर्म निघाला की जागं होणं उपयोगाचं नाही. चार-सहा महिने आधीपासून छोटी कामं करत राहायचं, म्हणजे तिथल्या लोकांना तुमची ओळख होते.

आपल्याकडचं उदाहरण पाहायचं तर सुरतकलच्या एनआयटीके या इंजिनिअरिंगच्या संस्थेचं पाहा. तिथल्या विद्यार्थ्यांनी रांग सांभाळण्याच्या पद्धती, म्हणजे पीआयई, कोबाल्ट, एफक्यू-पीआयई, एनएस-३ मध्ये आणल्या. या पद्धती त्यांनी शोधलेल्या नव्हत्या. पीआयईचं वर्णन आरएफसी ८०३३ या इंटरनेटच्या खुल्या दस्तऐवजात २०१७ पासून छापलेलं आहे. वर्णन वाचून त्याप्रमाणे वागणारा कोड लिहायचा आणि तो तसाच वागतो हे चाचणीने दाखवायचं, हे काम त्यांनी केलं. आज ते जगभर वापरलं जातं.

बाबाजीपुरेकर

रांगेवरून सांगतो, कारण आमचा एक मुलगा सध्या त्यातच बुडालाय.

घरात कुणीतरी मोठी फाइल डाउनलोड करत असलं की व्हिडिओ कॉल अडखळतो, हे सगळ्यांनी पाहिलंय. बहुतेकदा कारण असं की राउटरमध्ये रांग फार लांब असते. पॅकेट टाकून दिलं जात नाही, पण रांगेत ताटकळतं. कोडेल ही पद्धत रांगेची लांबी बघत नाही, पॅकेट किती वेळ थांबलं ते बघते. थांबणं ५ मिलिसेकंदांच्या वर गेलं आणि १०० मिलिसेकंद वरच राहिलं, की एक पॅकेट टाकून देते. पाठवणारा त्यावरून समजतो आणि वेग कमी करतो.

आता चाचणी लिहायची म्हणजे काय? या मुलाने वहीत तक्ता केला. ० ला पॅकेट आलं, अमुक वाजता दुसरं, हे किती थांबलं, ५ च्या वर पहिल्यांदा कधी गेलं, १०० कधी भरले, म्हणजे पहिलं पॅकेट नेमकं कधी पडायला हवं. मग प्रोग्रामला विचारायचं, तुझ्याकडे कधी पडलं? थांबणं ५ च्या वर नाही, बरोबर ५ असेल तेव्हा काय? रांगेत एकच पॅकेट उरलं असेल तेव्हा काय? रांगेची मर्यादा पॅकेटमध्ये न देता बाइटमध्ये दिली तर? या कडेच्या जागा शोधायला त्याला तीन रविवार लागले. ती चाचणी पाठवली आहे, अजून परीक्षणात आहे. एका परीक्षकाने विचारलंय, या चाचणीने कोणती चूक पकडली जाईल ते दोन वाक्यांत लिही. आमच्याकडे किती प्रोजेक्टना असा प्रश्न विचारला जातो?

कॉलेजांकडे माझी विनंती आहे. असा प्रोजेक्ट घेऊ द्या, पण दुरुस्ती जोडली गेली की नाही यावर मार्क ठेवू नका. तिकडची माणसं आपापली नोकरी सांभाळून हे करतात, परीक्षेच्या तारखा त्यांना माहीत नसतात, कधी आठवडा लागतो कधी तीन महिने. मार्क द्यायचे ते चाचणीला, आक्षेपांना दिलेल्या उत्तरांना, आणि तोंडी परीक्षेत एक आकडा हाताने काढून दाखवण्याला. सगळा इतिहास गिटलॅबवर तारखेसकट दिसतो. कुणी कुणाचं कॉपी केलं हा प्रश्नही उरत नाही.

कारेलीबागेतली आई

मी त्याला धागा वाचायला दिला. रविवारी येतोय.

जुना_टेलिफोनवाला

सगळ्यांना नमस्कार. मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालो, दांडिया बाजारात राहतो. नातवाकडून एनएस-३ बसवून घेतलं. पहिलं उदाहरण चालवलं तर काहीच छापून येईना, नुसतीच मोकळी ओळ. दोन दिवस गेले. नातवाने सांगितलं, आजोबा, आपण ऑप्टिमाइज्ड, म्हणजे वेगाने चालणारा, बिल्ड केलाय, त्यात लॉगचे (काय घडलं ते सांगणारे) निरोप बंद असतात. साधा बिल्ड केल्यावर दिसलं.

आता गणित. १०२४ अधिक ८ अधिक २०, झाले १०५२ बाइट. गुणिले ८, ८४१६ बिट. ५ एमबीपीएसने तारेवर चढायला १.६८३२ मिलिसेकंद. त्यात वाटेचे २. एकूण ३.६८३२. म्हणजे २.००३६८ छापून यायला हवं. प्रोग्राम २.००३६९ म्हणतो. आम्ही एक्स्चेंजमध्ये इतक्या फरकाला फरक म्हणत नव्हतो, पण तुम्ही हाताने जुळवा म्हणालात म्हणून सोडवत नाही. चूक माझी की त्याची?

शेव_उसळ

आजोबा, तुमची बेरीज बरोबर आहे. मी पहिल्या दिवशी इथेच अडले होते. उत्तर सांगू का, की वाट सांगू?

जुना_टेलिफोनवाला

वाट सांग.

शेव_उसळ

त्याच उदाहरणात पीकॅप फाइल, म्हणजे तारेवरून गेलेल्या पॅकेटची नोंद, लिहायची एक ओळ घाला. तयार झालेली फाइल वायरशार्क या पॅकेट उघडून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा आणि पहिल्या पॅकेटची एकूण लांबी बघा.

जुना_टेलिफोनवाला

१०५४.

दोन बाइट जास्त. अगदी सुरुवातीला ००२१ असं दिसतंय, पुढे आयपी सुरू होतं. ही पीपीपीची, म्हणजे दोन टोकांमधल्या तारेच्या प्रोटोकॉलची, खूण, आत आयपी आहे असं सांगणारी. तारेचा स्वतःचा शिक्का मी धरलाच नव्हता. २ बाइट म्हणजे १६ बिट, ५ एमबीपीएसने ३.२ मायक्रोसेकंद. ३.६८३२ मध्ये ते मिळवले की ३.६८६४. येताना पुन्हा तेवढेच, ७.३७२८. दोन्ही आकडे जुळले.

बाबाजीपुरेकर, रविवारी किती वाजता बसता? मी चालत येऊ शकतो.

बाबाजीपुरेकर

साडेनऊला, काका. पत्ता व्यनि करतो. तुमचं हे गणित मराठी टिपांत तुमच्याच शब्दांत घालायचं आहे, वही घेऊन या.